जुने परफॉर्मन्स पार्ट तालुक्याच्या दुकानात विकावेत का?

मूळ मांडणी (वणी)
मोठ्या शहरांत काढून टाकलेले परफॉर्मन्स पार्ट, म्हणजे गाडीची ताकद किंवा पकड वाढवायला लावलेले भाग, जसे टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा), गाडीची उंची कमी करणाऱ्या स्प्रिंगा आणि मोठ्या ब्रेकच्या डिस्क आता आपल्याकडच्या दुकानांतही दिसू लागल्या आहेत. एअर फिल्टर किंवा इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा भाग) जुना विकायला माझी हरकत नाही. मात्र ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे जुने भाग विकूच नयेत. डिस्कची जाडी मोजता येते आणि किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते, हे खरे. परंतु अपघातातल्या गाडीच्या कंट्रोल आर्मला (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याला) गेलेला बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही, आणि तो शोधण्याची सोय मला माहीत असलेल्या एकाही गॅरेजात नाही.

उत्तर १ (हिंगणघाट, जुन्या पार्टचा व्यापारी)
भाऊ, सगळे सस्पेन्शन एका झटक्यात बाद करू नका. शॉकअब्सॉर्बरमधून तेल गळते का, दांड्यावर ओरखडे आहेत का, हे गिऱ्हाइकासमोर दाखवता येते. टर्बोच्या शाफ्टला किंचित आडवा खेळ (सैलपणा) असतोच. पण तो लांबीच्या दिशेने हलताना जाणवला किंवा पाती घराला घासलेली दिसली, तर तो माल मी घेतच नाही. कापसाचे पैसे हाती आल्यावर जो मुलगा गाडीवर थोडा खर्च करू पाहतो, त्याला नवा अस्सल भाग परवडत नाही. जुन्याची वाट बंद केली, तर तो चकचकीत खोक्यातला बनावट भाग घेईल, आणि तो अधिक घातक आहे.

उत्तर २ (यवतमाळ)
या चर्चेत कायदा राहून गेला आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे नियमबाह्य फेरबदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. सुरक्षेसाठी महत्त्वाचा म्हणून अधिसूचित झालेला भाग मानकात बसत नसताना विकणाऱ्याला मात्र प्रत्येक भागामागे १ लाख रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. तेव्हा लावणारा काय ते पाहून घेईल, असे म्हणून विक्रेत्याला हात झटकता येणार नाहीत.

उत्तर ३ (आर्णी, गॅरेज)
मूळ मांडणीत फिल्टरला निर्धोक ठरवले आहे, त्याला माझा विरोध आहे. तेल लावायचा कापडी फिल्टर धुतल्यावर त्यावर तेल जास्त झाले, तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर जाऊन बसते. शिवाय जिनिंगच्या (कापसातून सरकी काढण्याच्या) दिवसांत आपल्या रस्त्यांवर धुळीबरोबर सरकीचे तंतूही उडतात. ४५ अंशांच्या उन्हात हवा विरळ होते आणि टर्बोचा दाब वाढवलेल्या इंजिनाचे तापमान आणखी चढते. पांदण रस्त्यावर उंची कमी केलेली गाडी तर पहिल्याच पावसात तळ घासते. त्यामुळे माल नवा असो वा जुना, गाडी कुठे चालते हे विचारल्याशिवाय तो देऊ नये.

मूळ मांडणीकर्ता
हिंगणघाटच्या भाऊंना विचारतो : बिलावर ‘जुना’ हा शब्द, ज्या गाडीतून काढला तिचे मॉडेल, मोजलेली जाडी आणि गाडीला अपघात झाला होता की नाही, हे लिहून द्याल का?

हिंगणघाट
पहिले तिन्ही लिहून देईन. अपघाताचे लिहून देता येणार नाही, कारण भंगारवाल्याकडून माल घेताना ते मलाच कळत नाही. म्हणून कंट्रोल आर्म आणि स्टिअरिंगचे भाग दुकानातून काढतो. शॉकअब्सॉर्बर आणि टर्बो ठेवणार.