मदत हवी आहे: जुन्या थ्री-वे स्पीकरच्या क्रॉसओव्हरमध्ये दोष नेमका कुठे?

नमस्कार मंडळी,

मामांची जुनी स्पीकरची जोडी सध्या माझ्याकडे सदाशिव पेठेत आहे. सत्तरच्या दशकातली, थ्री-वे (जाड सुरांना वूफर, मधल्यांना मिडरेंज, बारीक सुरांना ट्वीटर), सीलबंद खोक्याची. मागचं लेबल कधीच निघून गेलंय, त्यामुळे सर्किट डायग्राम मिळायचा मार्ग नाही. वूफरची किनार कापडी असल्यामुळे शाबूत आहे. उजवा स्पीकर अजूनही सुरेख वाजतो. डाव्याचा आवाज बसलाय.

ॲम्प्लिफायर मोनोवर टाकून भीमसेनजींची तबकडी लावली की उजवीकडे तानपुऱ्याची जवारी तारेतारेतून स्वच्छ उमटते, डावीकडे नुसता घुमारा. तबल्याचा डग्गा दोन्हीकडे सारखा, पण चाटीवरचा ‘ना’ डावीकडे बोथट. आणि आवाज जरा वाढवला की डावीकडचं सगळं एकदम उजळतं, थोडा वेळ नीट वाजतं आणि परत बसतं. हे येणं-जाणं मला जास्त महत्त्वाचं वाटतंय.

वायरी डाव्या-उजव्या बदलून पाहिल्या, दोष स्पीकरबरोबर गेला. ट्वीटरची अदलाबदल केली, तर दोष डाव्या खोक्यातच राहिला. म्हणजे ट्वीटर ठणठणीत आहे.

मग क्रॉसओव्हर, म्हणजे जाड-बारीक सूर वेगळे करून आपापल्या स्पीकरकडे पाठवणारं सर्किट, बाहेर काढला. ट्वीटरच्या वाटेत ४ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर (अधिक-उणे बाजू नसलेला) इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर आहे. एक पाय सोडवून एलसीआर मीटरवर मोजला, तर डावा ५.९ आणि उजवा ५.२ भरला. ईएसआर (कंडेन्सरचा स्वतःचा आतला रोध) डाव्याचा २.६ ओहम, उजव्याचा ०.७. मिडरेंजच्या वाटेत उजवीकडे १६ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर आहे. डावीकडे मात्र पूर्वी कुणीतरी साधा, उण्याची पट्टी असलेला इलेक्ट्रोलायटिक डाखून ठेवलाय. स्पीकरच्या सिग्नलमध्ये दर अर्ध्या आवर्तनाला तो उलटा पडतो, तेव्हा तो काढायचाच आहे. कॉइल दोन्हीकडच्या सारख्याच भरतात.

आता माझी अडचण. ट्वीटरचा भार ८ ओहम धरला तर ४ मायक्रोफॅरडला छेद (जिथून वरचे सूर ट्वीटरकडे जातात ती सीमा) साधारण ५००० हर्ट्झवर येतो, ५.९ ला ३४०० च्या आसपास. म्हणजे कंडेन्सर फुगल्याने ट्वीटरकडे उलट जास्तच माल जातोय. तो ट्वीटरला घातक आहे, पण त्यानं आवाज बसणार नाही. ईएसआरमुळे पडतील ते जेमतेम अडीच डेसिबल. कानाला जाणवणारा फरक याच्या कितीतरी पट मोठा आहे.

ज्याला विचारावं तो म्हणतो, सगळे कंडेन्सर बदलून टाक. बदलणार आहेच, दोन्ही बाजूंचे. पण खरा दोष कुठे होता हे कळल्याशिवाय हात लावायची इच्छा नाही, कारण उद्या तोच दोष परत आला तर शोधायला काही उरणार नाही. आणखी कुठे बघू? शिवाय पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत विचारलं तिथे ४ चा नॉन-पोलर मिळाला नाही. त्याऐवजी फिल्म कंडेन्सर टाकला तर चालेल का?

कोथरूडचा_रेडिओवाला:
मागे ट्वीटर आणि मिडच्या पातळीचे नॉब आहेत का? असतील तर माझा पहिला संशय तिथेच. आत तारेचं वेटोळं असतं आणि त्यावर घासणारी पत्र्याची जीभ. वर्षानुवर्षं एकाच जागी राहिली की जिभेखाली गंजाचा थर धरतो. आवाज वाढवला की जास्त व्होल्टेजने तो थर फुटतो आणि वाट मोकळी होते, कमी केला की परत अडते. तुमचं लक्षण अगदी हेच आहे.

नॉबच्या वायरी सोडवा, नॉब कमाल पातळीवर, म्हणजे पूर्ण उघडा ठेवा आणि इनपुट ते जीभ रोध मोजा. जवळजवळ शून्य हवा. मग सावकाश फिरवा. आकडा उड्या मारत असेल तर चोर सापडला.

फिल्म चालेल, उलट टिकेल जास्त. ३.३ आणि ०.६८ समांतर जोडले की ३.९८ होतात, १५ आणि १ चे १६. मात्र फिल्मचा ईएसआर नगण्य असतो आणि मूळ रचनाकाराने इलेक्ट्रोलायटिकचा थोडा रोध हिशोबात धरलेला असू शकतो. आवाज टोचायला लागला तर ०.४७ ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर ओळीत टाका. आणि एक कळकळीची विनंती: डाख काढण्याआधी फोटो घ्या. मिडरेंजची पोलॅरिटी (अधिक-उण्याची जोडणी) उलटी दिसली तर सुलटी करायला जाऊ नका, बऱ्याच क्रॉसओव्हरमध्ये ती मुद्दाम उलटी ठेवतात.

धागाकर्ता:
मनापासून आभार! नॉब आहेत, प्रत्येक खोक्याला दोन. डाव्या ट्वीटरचा पूर्ण उघडा ठेवून मोजला तर ११ ओहम, आणि नुसतं बोट लावलं तरी आकडा हलतो. उजव्याचा ०.३. परत जोडून, नॉब उघडाच ठेवून, इनपुट ते जीभ वायरचा तुकडा जोडला आणि तीच तबकडी लावली. जवारी आली. अजून उजव्याइतकी खुली नाही, पण तो राहिलेला फरक कंडेन्सरचा असावा.

कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन पाहिलं. थर गेला, पण जिभेखाली दोन वेढे झिजून तुटायला आलेत, त्यामुळे नॉबच बदलावा लागेल. आत एकच वेटोळं आहे, टोकाटोकांत १५ ओहम. म्हणजे हा एल-पॅड (पातळी बदलली तरी भार तोच राखणारा नॉब) नाही, साधा वायरवाउंड पॉट (तारेच्या वेटोळ्याचा बदलता रोध) आहे. बाजारात ८ ओहमचे एल-पॅड मिळतात, पण ते बसवले तर क्रॉसओव्हरला दिसणारा भार बदलेल आणि डावा-उजवा जुळणार नाहीत. १५ किंवा १६ ओहमचा, निदान २५ वॉटचा वायरवाउंड पॉट पुण्यात कुठे मिळेल? जुन्या बाजारात कुणाच्या पाहण्यात असेल तर कृपया सांगा, रविवारी जाऊन बघतो.