मदत हवी आहे: काचेच्या भिंतीपलीकडे समुद्र, फोटो कसे काढू?

मैत्रिणीचं लग्न समुद्राकाठच्या एका रेस्टॉरंटमध्ये आहे. माणसं जेमतेम ४०. स्टेज नाही, रांगेत उभं राहून फोटो नाहीत, निवांत गप्पा आणि जेवण. फोटोंचं काम मात्र माझ्या गळ्यात पडलंय.

काल जागा बघून आले. समुद्राकडची अख्खी भिंत काचेची आहे. आतल्या माणसांवर एक्सपोजर धरलं की समुद्र पांढराफटक, समुद्रावर धरलं की चेहरे काळे. फ्लॅश मारला तर काचेत त्याचाच गोळा. छत गडद लाकडाचं, त्यामुळे बाउन्सचीही (फ्लॅश छतावर मारून उजेड खाली परतवायचीही) फारशी आशा नाही. त्यात टेबलावरचे दिवे पिवळे नि खिडकीतला उजेड निळसर, म्हणजे व्हाइट बॅलन्सचा (फोटोतल्या रंगांच्या समतोलाचा) खेळखंडोबा!

माझ्याकडे ३५ एमएम एफ/१.८ लेन्स आणि एकच फ्लॅश आहे. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत चालवून घेते. फ्लॅश काचेला तिरका ठेवू, की दोघांना खिडकीशी बसवून तो टाळूच?

सूर्यास्ताआधी अर्धा तास दोघांना बाहेर न्यायचंय, पण पानं नेमकी तेव्हाच वाढायची ठरतायत. तुम्ही वेळ कशी बसवाल? आणि खाऱ्या वाऱ्याने लेन्स चिकट होते, ती मध्येच कशाने पुसता?