अनुभव धागा: नोकरी डोळ्यांसमोर ठेवून इंजिनिअरिंगची शाखा निवडताना

'कॉम्प्युटर मिळालं नाही तर काय?' हा प्रश्न दर पावसाळ्यात घरोघरी असतोच. आपापली कहाणी नको. काय तपासायचं आणि कुठे फसतं, तेवढंच लिहा.

आकडेमोड्या
प्लेसमेंटच्या टक्क्याखाली भागाकार कशाने केलाय ते आधी बघा. समजा, पहिल्या वर्षाला 240 आणि डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला 24, असे 264 जण आले. वेळेत पास झाले 180, नोकरी लागली 108 जणांना. कॉलेज 'पात्र' 120 मुलंच धरतं आणि फ्लेक्सवर 90 टक्के छापतं. पास झालेले धरले तर 60, आत आलेले धरले तर जेमतेम 41. कॉलेजच्या वेबसाइटवर एनआयआरएफची (केंद्र सरकारच्या कॉलेज क्रमवारीची) पीडीएफ असते, तिच्यात आत आलेले, वेळेत पास झालेले, नोकरी लागलेले हे रकाने आणि मध्यक (रांगेत मधोमध येणारा) पगारही मिळतो. सरासरी पगार सोडून द्या, एका परदेशी ऑफरने तो फुगतो. मात्र हे आकडे अख्ख्या कॉलेजचे असतात, शाखेचे नव्हेत. शाखावार यादी टीपीओकडे (प्लेसमेंट अधिकाऱ्याकडे) मागावी. त्यात एकाच मुलाच्या दोन ऑफर दोनदा मोजल्यात का, हेही विचारा. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा!

कॅपवाली मावशी
कॅपच्या (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) 2025च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिले 3, तिसरीत पहिले 6 यांपैकी काही मिळालं की जागा आपोआप फ्रीज (पक्की) होत होती. 'बघू तरी मिळतं का' म्हणून वर टाकलेली शाखा अशी गळ्यात पडते. यंदाचं माहितीपत्रक वाचूनच क्रम लावा.

वर्कशॉप
मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल घेणाऱ्यांनी गेट या राष्ट्रीय अभियांत्रिकी परीक्षेचा हिशेब आत्ताच करावा. तिसऱ्या वर्षापासून परीक्षा देता येते आणि स्कोअर 3 वर्षं चालतो. सरकारी कंपन्या त्यावर भरती करतात, त्यात या दोन शाखांना जागा बऱ्या असतात. चाकणच्या पट्ट्यात जायचं तर ड्रॉइंग वाचता येणं, टॉलरन्स (मापात किती फरक चालतो ते) कळणं आणि एक कॅड (संगणकावर ड्रॉइंग काढायचं) सॉफ्टवेअर पक्कं हवं. इन्स्ट्रुमेंटेशनकडे लोक उगाच नाक मुरडतात. पीएलसी (यंत्रं आपोआप चालवणारा कंट्रोलर) येणारा माणूस औषध कारखान्यालाही लागतो आणि रिफायनरीलाही. सिव्हिलवाल्यांना एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा आहेच.

जाहिरात नीट वाचा
एआय-डेटा सायन्स अशा नव्या नावाच्या पदव्या खासगीत चालतात. सरकारी जाहिरातीत मात्र पात्र शाखांची नावं छापलेली असतात. तिथे नाव नसलं तर समकक्षतेची कागदपत्रं जमवत बसावं लागतं. गेटमध्ये या विषयाचा वेगळा पेपर 2024पासून आहे. एनबीए (राष्ट्रीय मानांकन मंडळ) मानांकन शाखेला मिळतं, कॉलेजला नाही, त्यामुळे कॉलेजच्या फाटकावरच्या पाटीवर जाऊ नका.

शंकासुर
मेकॅनिकल घेऊन आयटीत जाता येतं ना?

आकडेमोड्या
येतं. बऱ्याच मोठ्या आयटी कंपन्या कुठलीही शाखा चालवतात, पण दहावी-बारावी-पदवीत 60 टक्के आणि बॅकलॉग (राहिलेले विषय) शून्य अशी चाळणी बहुधा असते. कोडिंगची परीक्षा वेगळीच. 18 ते 20 जादा क्रेडिटचा मायनर (दुसऱ्या शाखेचा जोड-अभ्यासक्रम) मिळत असेल तर घ्यावा.

कॅपवाली मावशी
एक राहिलं. चॉइस कोडच्या (अर्जात भरायच्या कॉलेज-शाखेच्या क्रमांकाच्या) शेवटी 'टी' असेल तर ती टीएफडब्ल्यूएसची (शुल्कमाफी योजनेची) जागा. शिक्षण शुल्क माफ होतं, पण पुढे शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही.