कंबोडियातल्या गावात क्रूझमधून उतरून 'गाव बघायला' जावं का?

उंबरठा (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात मेकाँग नदीवरची क्रूझ केली. सिएम रीप, नॉम पेन्ह आणि पुढे हो ची मिन्ह सिटी. अंगकोर वाट, बोट, जेवण, सगळं झकास. मन खट्टू झालं ते दोन सकाळींमुळे.

कांपाँग त्रालाचला बोट काठाला लागली, फळी टाकली, वर बैलगाड्यांची रांग उभीच. एका गाडीत दोघं. भातखाचरांमधून, ताडांच्या कडेने रस्ता. गाडी हलली तशी नऊ-दहा वर्षांची एक मुलगी मागे येऊन टेकली आणि पंख्याने मला वारा घालू लागली. मी नको नको म्हणतेय, ती हसतेय. मग गवताची अंगठी वळून माझ्या बोटात घातली. "इंडिया? कॅपिटल न्यू दिल्ली!" उतरताना हात पुढे. एक डॉलर दिला. मागच्या गाडीवरच्या मुलाने ते पाहिलं. त्याच्या गाडीतल्या आजी काहीही न देता उतरून गेल्या होत्या.

दुसरं गाव आंगकोर बान. खांबांवरची जुनी लाकडी घरं, सुंदरच. एका घराखाली एक बाई जेवत होती. आम्ही तीसेक जण कानात यंत्रं घालून तिच्याभोवती उभे, गाईड छताच्या कौलांबद्दल सांगतोय. तिने ताट उचललं आणि आमच्याकडे पाठ करून बसली.

माझ्या माजघरात कोणी असं शिरलं तर मी चालवून घेईन का? माझ्या मते हा कार्यक्रमच बंद व्हावा. देवळं बघा, राजवाडा बघा, लोकांची घरं सोडा.

नाखवा

साफ असहमत. तुम्हाला ओशाळं वाटलं म्हणून गाडीवानाने धंदा बंद करायचा? तिथेही नांगरणी आता पॉवर टिलरवर होते. बैल पोसायला कारण उरलंय ते तुमच्यासारख्यांची फेरी. ती बंद केलीत तर बैल जातील, गाडी जाईल आणि पोरगा नॉम पेन्हच्या कपड्यांच्या कारखान्यात जाईल. तुम्ही मात्र राजवाडा बघून स्वच्छ मनाने घरी.

उंबरठा

नाखवा, क्रूझचं तिकीट लाखांत. गाडीवानाच्या हातात किती पडतं हे मी गाईडला दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तो हसला. धंदा आहे तर दर सांगायला काय हरकत आहे?

नाखवा

दर न सांगणं हे क्रूझवाल्यांचं पाप. त्याची शिक्षा गावाला का?

पूर्व_परदेशी

नोकरीनिमित्त तीन वर्षं नॉम पेन्हला होतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

सकाळी मुलगी गाडीवर दिसली म्हणजे शाळा बुडवलीच असं नाही. तिथल्या बऱ्याच सरकारी शाळा दोन पाळ्यांत भरतात, निम्मी मुलं सकाळी, निम्मी दुपारी. तरीही मुलांच्या हातात डॉलर देऊ नये, या मताचा मी आहे. एक डॉलर म्हणजे चार हजार रियाल. पोर इतकं सहज कमवायला लागलं की दुपारच्या पाळीचंही काही खरं नाही. नॉम पेन्हच्या 'फ्रेंड्स इंटरनॅशनल' संस्थेने 'मुलं ही पर्यटनस्थळं नव्हेत' अशी मोहीमच चालवली होती. तिचा रोख मुख्यतः अनाथाश्रम दाखवणाऱ्या सहलींवर होता, कारण तिथल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात निघत. घ्यायचंच तर मोठ्या माणसांकडून घ्या. कोह चेनला तांब्या-चांदीच्या डब्या ठोकणारी कुटुंबं आहेत, कुठे क्रामा, म्हणजे तिथला चौकड्यांचा पंचा, विणणाऱ्या बायका आहेत, ताडाचा गूळ आहे.

आता त्या जेवणाऱ्या बाईबद्दल. ख्मेर, म्हणजे कंबोडियन, घराची खालची जागा म्हणजे आपली पडवी. झोपाळा तिथे, माग तिथे, दुपारची डुलकी तिथे. गावाला ते लोक 'फूम' म्हणतात, आपल्या 'भूमी'चंच रूप. तिथून जाणाऱ्याला घरचं माणूस हमखास विचारतं, "न्याम बाय नउ?" म्हणजे भात खाल्लास का? एरवी हे विचारणारी बाई ताट घेऊन पाठ फिरवते, यावरून काय ते समजा. उंबरठाताईंचा निष्कर्ष मला पटत नाही, पण त्यांना दिसलं ते बरोबर दिसलं.

मीठभाकर

मी पलीकडच्या बाजूने बोलतो. दापोली तालुक्यात आमचं घरगुती राहण्या-जेवण्याचं चालतं. पाहुणे येतात, आजीचे चुलीपुढचे फोटो काढतात. पहिल्या वर्षी ती चिडायची. आता गाडीचा आवाज आला की पदर सारखा करून चुलीशी जाऊन बसते, एरवी चहा गॅसवरच होतो. तिला लाज नाही वाटत, मजा वाटते. पण एकदा चाळीस जणांची बस न सांगता आली आणि लोक थेट देवघरापर्यंत गेले. त्या दिवशी तिने दार लावून घेतलं ते संध्याकाळपर्यंत. चार जणांना ती पाहुणे म्हणते, चाळिसांना म्हणते 'ती माणसं'.

आणि हो, परत जाऊन "गरीब आहेत पण किती आनंदी" असं लिहिणाऱ्यांना आमच्याकडे बुकिंग मिळणार नाही.

नाखवा

मीठभाकर, आजींना नमस्कार. पण चाळीसचे चार केलेत तर गावाचं उत्पन्नही दहा पटीने घसरेल, ते कोण भरून देणार?

मीठभाकर

चौघं दोन तास बसले तर जेवतात, जाताना कोकमं घेतात. चाळीस जण वीस मिनिटांत फोटो काढून जातात. आमच्या वहीत तरी चौघांचा दिवस बरा असतो. तिकडचं पूर्व_परदेशी सांगतील.

पूर्व_परदेशी

बोटीला ठरलेल्या वेळी निघायचं असतं. तिथे दोन तास कोणी बसूच देत नाही, खरी मेख तीच आहे.

शेवंता_ठाणे

आमचं नोव्हेंबरचं बुकिंग झालंय, पैसेही भरलेत. एवढी चर्चा वाचून आता धड काही कळेना. गाडीत बसू की नको?

नाखवा

बसा. गाडीवानाला हातात द्या, पोराला नको. एवढं मीही मान्य करतो.

उंबरठा

गाडीत बसा हवं तर. आंगकोर बानला मात्र घरात शिरू नका. मागे रेंगाळा, कोणी जेवत असेल तर पुढे व्हा. आणि कोणी "न्याम बाय नउ" विचारलंच, तर मला कळवा.