मदत हवी आहे: माणसं सहा, सॉफ्टवेअर चार. कोणतं थांबवावं?

धागाकर्ता, छत्रपती संभाजीनगर

नमस्कार मंडळी. आमची छोटी कंपनी आहे. तीन प्रोग्रामर, तीन सपोर्टला. प्रॉडक्ट असे:

कृषी सेवा केंद्राचं बिलिंग: २१० ग्राहक, एएमसी (देखभालीची वार्षिक फी) वर्षाला ६,०००
आडतीचं, व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक ६, मायक्रोसॉफ्टची जुनी प्रोग्रामिंग भाषा) मधलं: ८५ ग्राहक, ९,०००
शाळा फी: ४० शाळा, ५,०००
जिनिंग (कापसातून सरकी काढणं): ६ मिल, प्रत्येकी ४०,०००

सपोर्टला माणसं पुरत नाहीत. आडतीचं वेबवर नव्याने लिहायचं का, तेही ठरत नाही. शाळांचं उत्पन्न सगळ्यात कमी, म्हणून ते बंद करावं असं भागीदारांचं मत आहे. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १, लातूर

भाऊ, नुसत्या उत्पन्नावरून ठरवू नका. कोणतं प्रॉडक्ट किती तास खातं ते आधी काढा. पगार, भाडं, वीज, नेट धरून सपोर्टचा एक माणूस महिन्याला ३५,००० ला पडतो आणि हाती लागणारे कामाचे तास १३०, असं धरलं तर तास पडला साधारण २७० रुपयांना. म्हणजे ५,००० च्या एएमसीत शाळेला वर्षभरात साडेअठरा तास देता येतात, तेही नफा न धरता. किनवटला एक व्हिजिट म्हणजे आख्खा दिवस आणि प्रवासखर्च वेगळा. दोन व्हिजिटमध्ये एएमसी संपली.

प्रत्येक फोनची नोंद ठेवा: प्रॉडक्ट, ग्राहक, मिनिटं, कारण. कारणं पाचच ठेवा: आपली चूक, शिकवणं, कायद्यातला बदल, नवी मागणी, ग्राहकाचाच प्रिंटर किंवा विंडोज. पाचवं कारण प्रॉडक्टच्या खात्यावर टाकू नका, त्याचे पैसे वेगळे घ्या.

इथं बहुतेक जण फसतात ते महिना निवडताना. एप्रिलच्या नोंदी बघून कृषी केंद्राचं काम हलकं वाटेल. ते पेटतं मृगाच्या तोंडावर, जून-जुलैत, आणि शाळांचे प्रवेशही तेव्हाच. आडतीला सोयाबीनची आवक ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि दिवाळीच्या आसपास जिनिंगही सुरू होतं. मागच्या हंगामाचे आकडे जुन्या व्हॉट्सॲप चॅटवरून आणि फोनच्या यादीवरून काढा. माझ्या मते शाळांचा खरा त्रास कमी एएमसीचा नाही. तुमच्या सगळ्यात मोठ्या प्रॉडक्टच्या ऐन हंगामात त्या माणसं ओढून नेतात, हा आहे.

जिनिंगला प्रॉडक्ट म्हणू नका. मिलगणिक वजनकाटा वेगळा, रिपोर्ट वेगळे, म्हणजे ते सहा प्रोजेक्ट आहेत. बदलाचे पैसे दर वेळी वेगळे लावा. सातवी मिल घेण्याआधी दहा वेळा विचार करा.

प्रतिसाद २, नांदेड

आडतीबद्दल. घाबरून नव्याने लिहायला घेऊ नका. व्हीबी ६ च्या डेव्हलपमेंट टूलचा मायक्रोसॉफ्टचा आधार २००८ मध्येच संपला, पण त्याचा रनटाइम (तयार प्रोग्राम चालवणारा भाग) विंडोज ११ वरही चालतो. तुमची जोखीम दोन ठिकाणी आहे. पहिली, तो कोड कळणारा माणूस एकच असेल तर. दुसऱ्याला पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशेब), हमाली, तोलाई, बाजार फी ही गणितं लिहून काढायला लावा. जुन्या १०० पट्ट्यांचे आकडे चाचणीसाठी जपून ठेवा, पुढे नव्याने लिहिताना हेच कामाला येतील.

दुसरी जोखीम डेटाबेसची. एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या मायक्रोसॉफ्टच्या फुकट डेटाबेसला २०२२ च्या आवृत्तीपर्यंत एका डेटाबेसमागे १० जीबीची मर्यादा आहे (२०२५ च्या आवृत्तीत ५० जीबी). ती भरली की नोंदी घेणं थांबतं, आणि हे नेमकं आवकेच्या गर्दीत होतं. सप्टेंबरातच सगळ्या ८५ ठिकाणचा आकार तपासा, ८ जीबीच्या वर असेल तिथं जुनी आर्थिक वर्षं वेगळ्या डेटाबेसमध्ये हलवा. कुणाकडे २०१४ ची आवृत्ती असेल तर तिचा आधार जुलै २०२४ मध्ये संपला आहे, तीही बदला.

आणि कराचा भाग सगळ्या प्रॉडक्टना एकच ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा ज्यांनी कराचा दर आयटम मास्टरमध्येच (मालाच्या मूळ यादीत) बसवला होता त्यांचे हाल झाले, कारण जुन्या बिलावरचा माल परत आला की क्रेडिट नोट जुन्याच दराने काढावी लागते. दराचं वेगळं टेबल करा, त्यात ‘या तारखेपासून’ असा रकाना ठेवा. एकदा लिहिलेलं सगळीकडे वापरता येतं.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. हंगामाची टक्कर लक्षातच आली नव्हती. शाळांचं थांबवायचं ठरलं तर क्रम काय ठेवावा? प्रत्येक शाळेची सॉफ्टवेअरची कॉपी थोडी वेगळी आहे.

प्रतिसाद २, नांदेड

आधी ग्राहकांच्या चारही याद्या एकमेकींशी जुळवा. आपल्याकडे आडतदाराचंच कृषी केंद्र असतं आणि तोच शाळेच्या संस्थेवरही असतो. जीएसटी नंबरातले पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. त्यावरून आडत आणि कृषी केंद्र जुळतं. पण दुकान भावाच्या नाहीतर बायकोच्या नावावर असलं की पॅन जुळत नाही, आणि शाळेकडे बहुधा जीएसटी नंबरच नसतो. म्हणून मोबाईल नंबरही जुळवा. अशा शाळेला नुसतं पत्र पाठवू नका, मालकाशी समोर बसून बोला. नाहीतर ५,००० सोडताना १५,००० जातील.

मग नवी विक्री बंद करा. वर्षभर फक्त डेटा बिघडवणाऱ्या चुका दुरुस्त करायच्या, नवीन फी-प्रकार किंवा रिपोर्ट नाहीत. हे ग्राहकाला लेखी द्या, तोंडी सांगितलेलं जूनमध्ये कुणाला आठवत नाही. शेवटची तारीख ३१ मार्च ठेवा आणि ती आदल्या एप्रिलमध्येच कळवा, म्हणजे शाळेला पुढच्या प्रवेशांआधी दुसरं सॉफ्टवेअर बसवता येईल. विद्यार्थी यादी, फीची थकबाकी आणि पावत्या एक्सेलमध्ये द्या, जुन्या पावत्यांची पीडीएफही द्या. चाळीस कॉपी वेगळ्या असल्यामुळे हे एक्स्पोर्ट दोन-तीन शाळांवर आधी करून बघा. थकबाकीची एकूण रक्कम त्यांच्या रजिस्टरशी जुळली तरच पुढच्या शाळेला हात लावा.

प्रतिसाद १, लातूर

एक राहिलं. ज्या शाळा दुप्पट एएमसी द्यायला तयार होतील त्यांना लगेच नाही म्हणू नका. १०,००० ला सदतीस तास बसतात. दहा-बारा शाळा त्या दराने, एकाच समान कॉपीवर, व्हिजिटचे पैसे वेगळे, असं जमत असेल तर बंद करायची गरज नाही. मात्र कॉपी एक करायला जी शाळा नकार देईल तिला सोडा, मग ती कितीही पैसे देवो.