शब्दचर्चा : पांढरी

कोरडवाहू :
पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननाबद्दल वाचताना 'पांढरीचं टेकाड' हा शब्द सारखा भेटला. आमच्याकडे काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे गाव वसलेली जागा, एवढं लहानपणापासून कानावर आहे. पुरातत्त्ववाल्यांची पांढरी तीच का? आणि माती पांढरी होती म्हणून तिथं गाव वसलं, की गाव वसलं म्हणून माती पांढरी झाली?

बांधावरचा :
तीच. नाव पडलं ते जागेच्या निवडीवरून. कसदार रान घरांखाली कोण घालवेल? ते पेरायला राखायचं आणि घरं चुनखडीच्या हलक्या उंचवट्यावर बांधायची. शिवाय काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर भिंत टिकत नाही.

घोडकाठ :
निवडीचं कारण पटतं, पण टेकाडातली माती मुळातली नसतेच, ती माणसानं केलेली असते. कुडाची किंवा मातीची भिंत ढासळते, तिच्याच ढिगावर नवी उभी राहते. चुलीतली राख, गोठ्यातलं शेण, हाडं, कुजलेलं छप्पर, पुन्हा पुन्हा सारवलेली जमीन हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या साचतं आणि भुरकट राखाडी माती तयार होते, हाताला पिठासारखी लागणारी.

इनामगाव हे शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजनं तिथं १९६८ ते १९८३ खोदकाम केलं. इ.स.पू. १६०० ते ७०० च्या सुमारास, म्हणजे साधारण नऊशे वर्षं तिथं वस्ती होती. आधी माळवा संस्कृतीचे लोक, मग पूर्व (म्हणजे आधीच्या) जोर्वे संस्कृतीचे, मग उत्तर (म्हणजे नंतरच्या) जोर्वेचे. सुरुवातीला घरं चांगली ऐसपैस, चौकोनी. शेवटच्या काळात लहान गोल झोपड्या. पाऊसमान बिघडलं असावं, शेती आटली आणि शेळ्यामेंढ्यांवर भिस्त आली, असं अभ्यासक म्हणतात.

आणि त्या पांढरीत माणसंही आहेत. मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचं आणि घरातच जमिनीखाली पुरायचं. मोठ्या माणसाचे घोट्यापासून खालचे पाय काढून टाकलेले आढळतात. मेलेला परत चालत घरी येऊ नये म्हणून, असा एक अंदाज. चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवलेला एक सांगाडाही मिळाला. तो कोणीतरी मानाचा असणार. जुन्या कागदांत 'मोकदम व समाकुल पांढरी' (पाटील आणि सगळी पांढरी) असं येतं तेव्हा पांढरी म्हणजे गावची माणसं, हा अर्थ मला इनामगावमुळे जास्त नीट लागतो.

लेखणी :
मध्येच विचारते. एका बातमीत 'अश्मयुगीन पांढरी' असं वाचलं. हे चालेल का?

घोडकाठ :
पुराश्मयुगाबद्दल असेल तर अजिबात नाही. ती माणसं शिकार करणारी, कंदमुळं गोळा करणारी, फिरती. त्यांची हत्यारं नदीच्या जुन्या खडी-वाळूच्या थरांत मिळतात. जुन्नर तालुक्यात बोरीला कुकडीच्या काठी अशी हातकुऱ्हाडीसारखी हत्यारं मिळाली. तिथं राखेचा थरही आहे, पण तो ज्वालामुखीचा, वाऱ्यावर आलेला, चुलीचा नव्हे. पांढरी म्हटली की घर आलं, गोठा आला, कणगी आली. बलुचिस्तानात मेहेरगढला इ.स.पू. ७००० च्या सुमारास हे सुरू झालेलं दिसतं. आपल्याकडे दख्खनमध्ये ताम्रपाषाणयुगात, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरात होती तेव्हा, जोर्वे, नेवासे, दायमाबाद, इनामगाव या जागी.

पश्चिमवारा :
बाहेरही प्रत्येकानं या ढिगासाठी शब्द ठेवलाय. अरबीत 'तेल' : जेरिकोचं टेकाड ते तेल एस-सुलतान. तुर्कीत 'होयुक', म्हणून चातालहोयुक. (तिथं तर घरात छपरावरून उतरायचे, आणि मेलेल्यांना जमिनीखालीच पुरायचे. इनामगावच्या कितीतरी हजार वर्षं आधी.) फारसीत 'तेपे', सिंधीत 'दडो', जो मोहेंजोदडोत आहे. पण हे सगळे शब्द उंचीवरून आलेत. मातीवरून आलेला आपलाच दिसतो.

कोरडवाहू :
मातीवरून इजिप्तमध्ये आहे की! 'सबाख'. जुन्या वस्तीच्या कच्च्या विटा कुजून झालेली खतमाती. शेतकरी ती खणून रानात टाकत. अमार्नाच्या लेख कोरलेल्या मातीच्या पाट्या १८८७ मध्ये सबाख खणणाऱ्या एका बाईला सापडल्या असं सांगतात.

बांधावरचा :
मग आपलंही तेच. पांढरीची माती गाड्या भरभरून शेतात जायची. माळवदावर, धाब्यावर टाकायलाही तीच, कारण ती भेगाळत नाही. निम्मी टेकाडं अशीच संपली. परवा कुणी हळहळत होतं की लोकांना वारशाची किंमत नाही. अहो, ज्याचं छप्पर गळतंय त्यानं काय करायचं? हडप्प्याच्या विटा तर लाहोर-मुलतान रेल्वेच्या भरावात गेल्या, ते काही अडाणी शेतकऱ्याचं काम नव्हतं. आणि दायमाबादचा ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा १९७४ मध्ये मिळाले ते झाडाची मुळं खणताना, एका गावकऱ्यालाच.

घोडकाठ :
मान्य. फक्त सरसकट नको. प्रत्येक पांढरं रान म्हणजे पांढरी नव्हे. चुनखडीच्या माळालाही लोक पांढरं रान म्हणतात. खापराचे तुकडे दिसले, राखेचे पट्टे दिसले, तरच पांढरी.

लेखणी :
ओस पडलेल्या गावाला महसुली कागदात 'बेचिराख' म्हणतात ना? मग टेकाड म्हणजे बेचिराख गावच.

कोरडवाहू :
बेचिराख म्हणजे जिथं दिवा लागत नाही ते गाव, पण शिवार आणि नाव कागदावर शिल्लक. टेकाडाला बहुधा मूळ नावही उरलेलं नसतं. इनामगाव हे आजच्या शेजारच्या गावाचं नाव, टेकाडावर राहणाऱ्यांनी आपल्या गावाला काय म्हटलं असेल कोण जाणे.

लेखणी :
शेवटचं. अनेकवचन काय करायचं? 'पांढऱ्या' लिहिलं तर विशेषण वाटतं. आणि माझ्या मुलानं 'पांढरीचा इतिहास' वाचून विठोबा शोधला.

घोडकाठ :
ती पंढरी, अनुस्वार पहिल्या अक्षरावर असला तरी काना नाही. अनेकवचन टाळतातच. 'पांढरीची टेकाडं' लिहा, नाहीतर 'जुन्या वस्त्यांच्या पांढरी'. बोलताना मात्र 'त्या दोन्ही पांढऱ्या' सर्रास म्हणतात, आणि शेतात उभं राहून म्हटलं तर कुणाचा गोंधळ होत नाही.