नाताळच्या कुकीज आणि झटपट आयसिंग: आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर

प्राजक्ता (बी-४०२): नमस्कार मंडळी. २५ तारखेला क्लबहाऊसमध्ये मुलांचा नाताळ आहे, त्याच्या बटर कुकीज मी घरीच करतेय. ८० तरी लागतील. भाजायचं टेन्शन नाही, वरच्या आयसिंगचं आहे. व्हिडिओंमधल्या बायका एकेका कुकीवर अर्धा अर्धा तास नक्षी काढत बसतात. माझ्या हातात एकच संध्याकाळ, त्यात दोन पोरं लुडबुडायला. झटपट होईल असं काही सांगा ना.

जोशी काका (ए-२०१): आयसिंग हवंच कशाला? नानकटाई कर. वर अर्धा पिस्ता टोचला की विषय संपला.

प्राजक्ता: काका, "वर रंगीत पाहिजे" असं फर्मान निघालंय 😄

जोशी काका: मग संपलंच.

महेश (सेक्रेटरी): सर्वांसाठी सूचना. उद्या सकाळी १० ते १ टाकी सफाई. पाणी भरून ठेवावे.

अनघाताई (सी-३०१): प्राजक्ता, पाइपिंगचा नादच सोड. ८० कुकीजना बुडवून काढायचं ग्लेझ. २५० ग्रॅम आयसिंग शुगर चाळून घे, त्यात ३ मोठे चमचे दूध, २ छोटे चमचे लिक्विड ग्लुकोज आणि चार-पाच थेंब लिंबू. चमच्याने घोटायचं, बीटर नको, नाहीतर बुडबुडे राहतात आणि वाळल्यावर टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसतात. पसरट वाटीत ओत. कुकीचं तोंड खाली करून नुसतं टेकव, पूर्ण बुडवू नकोस. उचल, हलका झटका दे, कडेला निथळू दे, सुलटी कर आणि जाळीवर ठेव. एका कुकीला काही सेकंद लागतात. ८० ना साधारण पाऊण किलो आयसिंग शुगर आण, त्या हिशोबात दूध वाढव.

प्राजक्ता: ग्लुकोज कशाला? आजारपणात पाण्यात घालून देतात तेच ना?

अनघाताई: ती पावडर. हा काकवीसारखा घट्ट पाक असतो, रंग नाही. बेकिंगच्या दुकानात छोट्या डबीत मिळतो. त्याने ग्लेझला चकाकी येते. नसला तर मध घाल, पण मधाने पांढरा रंग किंचित पिवळट होतो.

शैलाकाकू (ए-५०४): अगं मिक्सरमधली पिठीसाखर चालेल ना? दुकानाच्या पाकिटाला उगाच पैसे.

अनघाताई: काकू, चालते, पण दाताखाली कचकच लागते. दुकानातल्या साखरेत थोडं कॉर्नफ्लोअर असतं, म्हणून गोळे होत नाहीत. घरी करायची तर एक वाटी साखरेला एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर घालून दळायचं आणि मलमलच्या फडक्यातून चाळायचं. एका वाटीला ठीक आहे. पाऊण किलो चाळायला बसलात तर रात्र तिथेच जाईल.

शैलाकाकू: मग राहू दे. खांदा आधीच धरलाय.

निनाद (डी-२०१): किती घट्ट ते कसं कळणार? "मध्यम" म्हणजे काय हे आमच्या घरात आजवर ठरलेलं नाही.

अनघाताई: चमच्याने उचल आणि वाटीत परत सोड. वर जी वळी उमटते ती दहा आकडे मोजेपर्यंत विरून सपाट झाली पाहिजे. पाचातच विरली तर पातळ आहे, कडेवरून ओघळेल, अजून चमचाभर साखर घाल. वीस मोजले तरी वळी तशीच असेल तर घट्ट. मग दूध ओतायचं नाही, अर्धा अर्धा छोटा चमचाच. या प्रकारात एक चमचा दूध म्हणजे फार होतं.

निनाद: हे कळलं. दहा आकडे.

अनघाताई: आणि कुकीज पूर्ण, अगदी पूर्ण गार हव्यात. तव्यावरून काढलेल्या पोळीएवढी ऊब राहिली तरी आयसिंग आत मुरतं आणि वर डाग उरतात. म्हणून भाजायचं २३ ला, आयसिंग २४ ला.

ग्रेसी आंटी (ए-१०३): अनघा बरोबर सांगते. आमच्याकडे कुलकुलांना साखरेचा पाक चढवतो ना, त्याचंही तेच. कुलकुल गार, पाक गरम, मग पटापट हलवायचं, साखर पांढरी होऊन चिकटते. पण कुलकुल कडक असतात. बटर कुकी अशी हलवली तर चुराच हातात येईल.

शैलाकाकू: हे तर पाकातल्या चिरोट्यांसारखंच! दोन तारी पाक, वर पांढरा थर. ग्रेसी, पाकच ब्रशने लावला तर?

ग्रेसी आंटी: लावता येतो. वाटीभर साखरेला पाव वाटी पाणी, दोन तारी आला की गॅस बंद, घोटत राहायचं, ढगाळ दिसायला लागला की लगेच लावायचा. थांबलात तर पातेल्यातच दगड. फार गोड नको असेल तर पातळसा थर छान लागतो. पण आजूबाजूला मुलं असतील तर नको, उकळत्या पाकाचा चटका वाईट.

प्राजक्ता: माझी पोरं ओट्याला लटकलेली असतात. पाक कॅन्सल.

श्वेता (बी-१०३): एक विचारू? रॉयल आयसिंगमध्ये अंडं असतं ना? आमच्याकडे चालत नाही, आणखी दोन-तीन घरीही चालत नसावं.

अनघाताई: बरं झालं विचारलंस. रॉयल आयसिंग अंड्याच्या पांढऱ्यावर होतं, म्हणून ते खडखडीत वाळतं. कच्चं अंडं लहान मुलांना मी तरी देणार नाही. मेरिंग पावडर म्हणजे वाळवलेलं पांढरंच, तेही अंडंच झालं. वर लिहिलेल्या ग्लेझमध्ये अंडं नाही. फक्त कुकीच्या पिठात काय आहे ते प्राजक्ताला विचार.

प्राजक्ता: पिठातही नाही. मैदा, लोणी, पिठीसाखर, व्हॅनिला, चिमूटभर मीठ.

श्वेता: थँक्यू गं. आता मुलाला निवांत पाठवते.

निनाद: बिनअंड्याचं आणखी एक ऐकलंय, काबुली चणे शिजवलेलं पाणी फेटायचं. खरं आहे का?

अनघाताई: खरं आहे. बिनमिठाचं पाणी आटवून अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाट झालं की फेसाळतं, मग साखर घालून रॉयल आयसिंगसारखं वापरता येतं. पण चणे भिजवा, शिजवा, आटवा, फेटा. यात झटपट काय राहिलं?

निनाद: आणि मग आठवडाभर छोले. नको. मी डार्क कंपाउंडची वीट आणतो, अर्ध्या कुकीज चॉकलेटमध्ये बुडवू. मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं.

अनघाताई: दोन मिनिटं सलग ठेवलंस तर जळेल. बारीक चिरून काचेच्या भांड्यात, तीस सेकंद, बाहेर काढून हलव, परत तीस सेकंद. थोडे तुकडे राहिले असतानाच थांब, बाकीचं हलवताना वितळतं. चमचा, भांडं, हात सगळं कोरडं पाहिजे. पाण्याचा एक थेंब पडला की चॉकलेट घट्ट होऊन रवाळ गोळा होतो. तसं झालंच तर टाकू नकोस, गरम दूध घालून सॉस कर, आइस्क्रीमवर जाईल.

निनाद: कंपाउंडच का? घरी भेट आलेलं चांगलं चॉकलेट पडलंय.

अनघाताई: ते खा. चांगल्या चॉकलेटमध्ये कोको बटर असतं. ते वितळवून ठराविक तापमानाला आणून थंड केलं नाही तर वाळल्यावर पांढुरके पट्टे उठतात. कंपाउंडमध्ये दुसरं वनस्पती तूप असतं, त्याला ही कटकट नाही. चव थोडी उणी, पण वर रंगीत बडीशेप टाकली की मुलांना काही फरक पडत नाही.

ऋतुजा (डी-१०२): ताई, नावं लिहायची असतील तर? मुलांना आपापल्या नावाची कुकी मिळाली की वेडी होतात.

अनघाताई: तेवढ्यापुरता कोन वापर. मेंदीचा कोन करतेस ना, तस्साच, फक्त बटर पेपरचा.

ऋतुजा: अरे हे तर माझं रोजचं काम. पेपरचा त्रिकोण कापायचा, मधलं टोक अंगठ्याखाली दाबून गुंडाळायचं, टोक बंद राहिलं पाहिजे. भरायचा अर्धाच, वरून घडी घालून टेप लावायचा. टोक कात्रीने अगदी केसाएवढं कापायचं, मोठं कापलं की परत लहान करता येत नाही. सगळी नावं मी लिहिते, मला फक्त यादी द्या.

अनघाताई: लिहायचं ग्लेझ जास्त घट्ट ठेव, वळी वीस आकडे तरी टिकली पाहिजे. आणि खालचा थर वाळल्यावरच लिही, नाहीतर अक्षरं बुडतील.

प्राजक्ता: ऋतुजा, देवासारखी भेटलीस.

ग्रेसी आंटी: रंगाचं काय करणार? मी बीट किसून पिळून देते. लिंबाबरोबर मस्त गुलाबी येतो.

अनघाताई: बीट छान आहे आंटी, फक्त तेवढं दूध कमी करायला हवं. हिरव्यासाठी जेल कलर घेऊ, टूथपिकच्या टोकाएवढा पुरतो. बाटलीतला पाण्यासारखा रंग घातला की ग्लेझ पातळ होतं, आणि चॉकलेटमध्ये तर तो अजिबात चालत नाही. घेताना पाकिटावर एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर बघ. सुट्टा रंग घेऊ नका.

जोशी काका: माझ्याकडून एक आयडिया. रांगोळीचे छाप असतात ना, कोरा घ्यायचा, कुकीवर ठेवायचा आणि वरून गाळणीने पिठीसाखर भुरभुरायची. झाली नक्षी.

अनघाताई: काका, हे खरंच भारी आहे! चॉकलेटच्या कुकीवर तर उठून दिसेल. फक्त छाप नवा हवा, रांगोळीत वापरलेला नको, आणि साखर चॉकलेट पूर्ण वाळल्यावरच.

जोशी काका: मी नानकटाईवाला असलो तरी एवढं कळतं.

प्राजक्ता: वाळवायला फ्रिजमध्ये ठेवू का? रात्रीत होईल ना?

अनघाताई: फ्रिज नको. बाहेर काढल्यावर वर दव धरतं, ग्लेझ चिकट होतं, रंग पसरतो. आपल्या वसईच्या हवेत आधीच दमटपणा, पावसाळ्यात तर मी हे कामच घेत नाही. डिसेंबरात जमतं. पंखा मध्यम ठेवून रात्रभर उघड्यावर. वरून कोरडं वाटतं पण आत ओलं असतं, म्हणून सकाळपर्यंत एकावर एक रचू नकोस. नंतर रचताना मध्ये बटर पेपर.

शैलाकाकू: उघड्यावर साखर? मुंग्यांची पंगत बसेल. परातीत पाणी घाल, मध्ये वाटी पालथी घाल, त्यावर ताट. ताटाची कड परातीला टेकता कामा नये. वर जाळीचं झाकण.

प्राजक्ता: काकू, ही गोष्ट एकाही व्हिडिओत नव्हती.

शैलाकाकू: त्यांच्याकडे मुंग्या नसतील.

प्राजक्ता: ठरलं मग. २४ ला संध्याकाळी ५ ला माझ्याकडे. ५० ग्लेझच्या, ३० चॉकलेटच्या. निनाद मायक्रोवेव्हवर, ऋतुजा नावांवर, ग्रेसी आंटी बीट, अनघाताई देखरेख. मोठ्या पराती आणि जाळ्या कमी पडतायत. कोणाकडे आहेत?

श्वेता: माझी पितळेची परात घ्या. चकली वाळवायची जाळी पण आहे.

ग्रेसी आंटी: माझ्या दोन जाळ्या.

निनाद: मुलांना आत घ्यायचं का?

अनघाताई: बडीशेप भुरभुरायला घ्या, पण ग्लेझ ओलं असतानाच, एकेक कुकी समोर ठेवून. वाळल्यावर काही चिकटत नाही, सगळं जमिनीवर.

महेश (सेक्रेटरी): क्लबहाऊसची चावी २५ ला सकाळी वॉचमनकडे मिळेल, वहीत सही करून घ्यावी. भांड्यांवर फ्लॅट नंबर लिहा आणि ज्याची त्याने त्याच रात्री न्या. कोजागिरीचे दोन डबे आणि एक पातेलं अजून ऑफिसात पडून आहे.

शैलाकाकू: पातेलं माझं आहे. संध्याकाळी नेते.